उजव्या पायावरचा काळा चिमटा

ईसीजी काढताना हातापायांना चार चिमटे लावतात, त्यांच्या रंगांकडे आपलं लक्ष सहसा जात नाही. आपल्याकडे सर्रास चालणाऱ्या रंगखुणांप्रमाणे उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळा, डाव्या पायाला हिरवा आणि उजव्या पायाला काळा. कागदावर बारा आलेख उमटतात. पण काळ्या चिमट्याने टिपलेला असा त्यांत एकही नसतो. हृदयाविषयी चकार शब्द न काढणारा हा चौथा चिमटा तिथे असतो तरी कशासाठी? या एका प्रश्नामागे मला विद्युतशास्त्रातली एक अतिशय देखणी रचना दिसते.

त्वचेपर्यंत पोचणारी हृदयाची विद्युतलहर असते जेमतेम 1 मिलिव्होल्टची. तिच्या अवतीभवती, भिंतींतून, दिव्यांतून, पंख्यातून, 230 व्होल्टांची वीज सेकंदाला 50 आवर्तनं करत वाहत असते. तारेला स्पर्शही न करता आपला देह तिच्याशी जोडला जातो: तार ही एक पाटी, देह ही दुसरी आणि मधली हवा विद्युतरोधक, असा एक कपॅसिटर कुणीही न घडवता तयार झालेला असतो. त्यातून झिरपणाऱ्या अत्यल्प प्रवाहाने सगळ्या देहाचा विद्युतदाब एकाच लयीत वरखाली होत राहतो. यंत्र दोन अवयवांवरच्या दाबांची वजाबाकी करतं, तेव्हा दोन्हींकडे सारखीच असलेली ही गुणगुण नाहीशी व्हायला हवी. पण एका मनगटाखाली जेली भरपूर असते, दुसऱ्याखाली कमी; एकीकडची त्वचा ओलसर, दुसरीकडची कोरडी. स्पर्शातल्या एवढ्याशा विषमतेने सारखी गुणगुण असमान होऊन आत शिरते आणि नाजूक रेषेच्या जागी जाडसर, दातेरी रेघ उमटते.

इथे काळा चिमटा पुढे येतो. देह सरळ जमिनीशी जोडून टाकावा, हा उपाय सोपा खरा, पण धोक्याचा. दुसऱ्या एखाद्या सदोष उपकरणाचा प्रवाह मग रुग्णाच्या अंगातूनच जमिनीत वाट काढेल. म्हणून यंत्र वेगळी युक्ती करतं. दोन हात आणि डावा पाय यांच्यावरच्या दाबांची सरासरी घ्यायची, म्हणजे सगळ्यांत समान असलेली गुणगुण वेगळी हाती लागते. ती उलटी करायची, वाढवायची आणि उजव्या पायातून देहाला परत द्यायची. देह वर जाऊ लागला की पाय त्याला खाली खेचतो, खाली जाऊ लागला की वर उचलतो. देहावर आलेला गोंगाट त्याच्याच उलट्या रूपाने शमतो! ब्रूस विंटर आणि जॉन वेबस्टर यांनी 1983मध्ये या मंडलाच्या रचनेचं सविस्तर विवेचन केलं. मला त्यात सर्वाधिक भावतो तो शेवटचा, साधासा रोधक: ॲम्प्लिफायर बिघडला तरी रुग्णाच्या अंगात मोजक्या मायक्रोॲम्पियरपलीकडे प्रवाह जाऊ नये, म्हणून पायाच्या वाटेवर तो राखण करत बसलेला असतो. सुरुवातीच्या काळात मात्र या चौथ्या चिमट्याची गरजच नव्हती. ईसीजीचे जनक, लायडनचे आइंटहोव्हन, यांच्या जुन्या छायाचित्रांत दोन हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवलेले दिसतात; उजवा पाय मोकळाच. त्यांचा तंतू-गॅल्व्हनोमीटर दोन अवयवांमध्ये थेट जोडला जाई, तिथे ॲम्प्लिफायरच नव्हता.

आता चिमट्यांऐवजी अंगावर चिकटवायचा एखादा इलेक्ट्रोड उलटा करून पाहू. जेलने भिजलेल्या स्पंजामागे धातूची छोटी चकती दिसते आणि ती त्वचेला मुळीच टेकत नाही. धातूत विद्युतभार वाहतो इलेक्ट्रॉनांच्या रूपाने, देहात आयनांच्या. या दोहोंच्या सीमेवर भार साचला, की त्वचेच्या प्रत्येक हालचालीसरशी तो साठा ढवळला जातो आणि रेषा हेलकावे घेते. साध्या पोलादाचा दोष तो हाच. म्हणून इथे चांदी, आणि तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा करडा थर. इलेक्ट्रॉन आला की क्लोराइडचा एक आयन सुटून जेलमध्ये जातो. प्रवाह उलटला की आयन परतून चांदीशी बांधला जातो. साचण्याचं कारणच उरत नाही. या जोडीचा स्वतःचा प्रमाण दाब 0.222 व्होल्ट, म्हणजे हृदयाच्या लहरीच्या दोनशे पटींहून अधिक. तरीही तो स्थिर आणि सर्व इलेक्ट्रोडांवर जवळपास सारखा असल्यामुळे वजाबाकीत निमूट निघून जातो. आणि चकती जेलवर तरंगती असल्यामुळे खाली त्वचा सरकली, तरी चांदी आणि जेल यांची सीमा हलत नाही.

गुणगुणीखेरीज यंत्राला मोठे धक्केही सोसावे लागतात. कोरड्या हवेत कृत्रिम धाग्याच्या चादरीवर नुसती कूस बदलली, तरी अंगावर हजारो व्होल्टांचा स्थिर भार चढू शकतो. त्याची ठिणगी यंत्रात शिरली तर नाजूक ॲम्प्लिफायर जळेल, म्हणून प्रवेशाशीच रोधक आणि डायोड बसवलेले असतात. ते हा लोंढा बाजूला वळवतात. मोठी कसोटी असते ती हृदयाचा ताल परत आणण्यासाठी विजेचा धक्का देणाऱ्या डिफिब्रिलेटरची. कित्येकशे जूलची ऊर्जा छातीतून जाते आणि लगेच, काही सेकंदांतच, रेषा पुन्हा वाचता यायला हवी, कारण ताल परतला की नाही हे पाहूनच डॉक्टर पुढचं पाऊल ठरवतात. पोलादावर या धक्क्याचा भार रेंगाळतो. चांदी-क्लोराइडची जोडी त्यातून चटकन सावरते.

एवढी सगळी किमया पेलते ती त्या बोटभर जेलच्या ओलाव्यावर. पाकीट उघडलं की जेल सुकू लागते, क्लोराइडच्या ये-जा करण्याची वाट आक्रसते आणि उत्तम चांदीसुद्धा गोंगाट करू लागते. अतिदक्षता विभागातली जाणती परिचारिका पाकिटावरची तारीख पाहून, त्वचा हलकेच घासून-पुसून, मगच इलेक्ट्रोड चिकटवते. आणि उघडं राहिलेलं पाकीट घट्ट दुमडून ठेवते.