मुखवटा आणि अतिथी : मायक्रोकर्नलविषयक एका निबंधाचे परीक्षण

मायक्रोकर्नलवर आधारलेल्या प्रणालींच्या कार्यवेगाविषयी हेर्टिग, होमुट, लीडटके, शोनबेर्ग व वोल्टर या पाच संशोधकांनी १९९७ साली फ्रान्समधील सँ-मालो येथे जो निबंध सादर केला, त्याला या विषयाच्या वाङ्मयात आधारग्रंथाचे स्थान मिळाले आहे. आधारग्रंथाचे एक दुर्दैव असते. त्याचा निष्कर्ष सर्वांस ठाऊक असतो आणि त्यामागचा युक्तिवाद फारसा कोणी पुन्हा तपासत नाही. या निबंधाने जे सिद्ध केले ते निःसंशय मोठे आहे. परंतु पुढील अभ्यासकांनी त्यावरून जे गृहीत धरले ते त्याने सिद्ध केलेले नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ऑपरेटिंग सिस्टिमच्या ज्या भागाला प्रोसेसरवर पूर्ण अधिकार असतो तो तिचा गाभा. लिनक्ससारख्या प्रणालीत फायलींची व्यवस्था, जाळ्यावरील संदेशवहन, उपकरणांचे ड्रायव्हर हे सारे गाभ्यातच असते व त्यांतील कोणत्याही एकाच्या चुकीने सर्व कोसळू शकते. गाभा शक्य तितका लहान करून बाकीचे काम सामान्य अधिकारांच्या कार्यक्रमांकडे सोपवावे, ही मायक्रोकर्नलची मूळ कल्पना. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ‘माख’ या प्रयत्नाने ती प्रसिद्ध झाली आणि तिच्या मंद गतीनेच ती बदनामही झाली. चेन व बर्शाड यांची १९९३ मधील मापने हा दोष रचनेतच असल्याचा पुरावा म्हणून वाचली गेली. लीडटके यांनी १९९५ मध्ये तीच मापने वेगळ्या रीतीने वाचली : दोष कल्पनेचा नव्हे, माखच्या स्थूलतेचा. जी गोष्ट बाहेर नेल्यास आवश्यक कार्यच अशक्य होईल तेवढीच गाभ्यात ठेवावी, ही त्यांची कसोटी. तिच्या आधारे रचलेल्या ‘एल-४’मध्ये स्मृतीचे पत्ताक्षेत्र, कार्यसूत्र आणि संदेश यांपलीकडे जवळजवळ काहीच उरले नाही.

१९९७ च्या निबंधात या एल-४ वर अखंड लिनक्स चालविले आहे. त्याची रचना सावकाश पाहण्याजोगी आहे. लिनक्सचा गाभा येथे अधिकारहीन होऊन एक साधा सेवक-कार्यक्रम बनतो. वापरकर्त्याचे प्रत्येक कार्य स्वतंत्र पत्ताक्षेत्रात राहते. त्याने गाभ्याला घातलेली हाक संदेशरूपाने सेवकाकडे जाते व उत्तरही संदेशानेच परत येते. उपकरणांकडून येणारे व्यत्ययसुद्धा संदेशच होतात आणि त्यांची वाट पाहणारी कार्यसूत्रे ते स्वीकारतात. लिनक्सच्या यंत्रनिरपेक्ष भागाला मात्र हातही लावलेला नाही; एल-४ हा जणू आणखी एक प्रोसेसर आहे असे मानून केवळ यंत्रसापेक्ष भाग नव्याने लिहिला आहे. हा संयम हेच या कामाचे खरे वैभव होय. दुसऱ्याची संहिता न बदलता ती नव्या भूमीवर उभी करणे किती कठीण असते, हे कोणाही भाषांतरकारास विचारावे.

मापने अशी आहेत. १३३ मेगाहर्ट्‌झच्या पेंटियमवर आपला क्रमांक विचारण्याची क्षुल्लक हाक मूळ लिनक्सला १.६८ मायक्रोसेकंद घेते. एल-४ वरील लिनक्सला ३.९५, आणि माखवर बेतलेल्या एमके-लिनक्सला, सेवक गाभ्याबाहेर ठेवल्यास, तब्बल ११०.६०. म्हणजे एल-४ वरही एकट्या हाकेची किंमत दुपटीहून अधिक झाली. तरीही प्रत्यक्ष कामाचा भार टाकून पाहता एकूण कार्यक्षमतेतील घट केवळ ५ टक्के भरते, कारण कार्यक्रमांचा बहुतेक वेळ गाभ्याला हाक मारण्यात नव्हे, स्वतःच्या कामात जातो. एमके-लिनक्सची घट याच्या पाचपट, आणि सेवक बाहेर ठेवल्यास सातपट आहे. या दोन प्रणाली केवळ मायक्रोकर्नलच्या बाबतीत भिन्न नाहीत, सेवकाच्या बांधणीतही भिन्न आहेत. तेव्हा सारे श्रेय एकट्या एल-४ ला देताना थोडे थांबावयास हवे. परंतु अंतर इतके मोठे आहे की या आक्षेपाने मुख्य निष्कर्षाला धक्का लागत नाही.

खरा आक्षेप निराळा आहे, आणि तो शब्दांतून स्पष्ट होतो. या निबंधात मायक्रोकर्नलवरील प्रणालीला ‘पर्सनॅलिटी’ म्हटले आहे. त्या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘पर्सोना’चा अर्थ मुखवटा. एकाच मायक्रोकर्नलने निरनिराळे मुखवटे घालावेत, हे त्यामागील चित्र. पुढे रूढ झालेला शब्द ‘गेस्ट’, अर्थात अतिथी. मुखवट्याला स्वतःचा देह नसतो. अतिथी आपला देह, सामान आणि खोडी यांसह येतो. (ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, ही रूढ व्युत्पत्ती येथे थोडी गैरलागू आहे, एल-४ वरील लिनक्सला यजमानाच्या घराप्रमाणे आधीच बदलून घ्यावे लागले होते. प्रोसेसरांतच २००५–०६ पासून आभासी यंत्रांची सोय होऊ लागली, तेव्हा कुठे न बदललेला अतिथी सुखाने राहू लागला.) निबंधाने शब्द मुखवट्याचा वापरला, आणले मात्र अतिथीला. माखपासूनचे स्वप्न प्रणालीचे तुकडे करून त्यांना परस्परांपासून वेगळे राखण्याचे होते. येथे लिनक्स अखंडच राहिले. त्याच्या एका ड्रायव्हरच्या चुकीने सेवक कोसळला, तर त्यावरील सर्व कार्ये जातात. १९९७ पूर्वीही जात होती. निबंधाने वेग मोजला, विभागणी मोजली नाही.

हा फरक पुढच्या वादात उघड्यावर आला. केंब्रिज येथील हँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये, अखंड प्रणालीला आश्रय देणारे ‘झेन’सारखे हायपरवायझर हाच मायक्रोकर्नलचा योग्य अवतार होय, असा पक्ष मांडला. गाभ्याने बाहेरच्या सेवकावर विसंबू नये, हा त्यांचा प्रमुख मुद्दा. हायझर, ऊलिग व लव्हॅसूर यांनी २००६ मध्ये उत्तर दिले की साठवणुकीची सेवा देणारे आभासी यंत्र बंद पडले, तर त्याच्या ग्राहकांची अवस्था सेवक कोसळल्यावर होते तशीच होते. उत्तर बिनतोड आहे. मात्र ते दोन्ही बाजूंना लागते, आणि दुसऱ्या बाजूचा उच्चार उत्तरात तितक्या ठळकपणे होत नाही.

विभागणीचा प्रश्न प्रत्यक्ष हाती घेतला तो २००४ मधील लव्हॅसूर प्रभृतींच्या कामाने. त्यांनी ड्रायव्हर नव्याने लिहिला नाही. त्याच्या मूळ प्रणालीसकट त्याला एल-४ वरील स्वतंत्र आभासी यंत्रात बसविले. एका ड्रायव्हरसाठी एक संपूर्ण लिनक्स पोसणे उधळेपणाचे वाटते. पण चूक कोंडून ठेवण्याचे जे काम १९९७ मध्ये बाकी राहिले होते ते यातून साधले.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. २००९ मध्ये ‘एसईएल-४’च्या सुमारे ८,७०० ओळींचा सी भाषेतील गाभा आपल्या विनिर्देशाशी जुळतो, हे गणिती रीतीने सिद्ध झाले. त्या वेळी लिनक्सच्या ओळी एक कोटीच्या पुढे गेल्या होत्या. सिद्ध झालेल्या गाभ्यावर असे लिनक्स बसविणारा अभियंता संपूर्ण यंत्र सिद्ध झाले असे समजू लागला, तर दोष गणिताचा नाही. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रकल्पात, ज्याचा वृत्तांत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, मानवरहित हेलिकॉप्टरवर याची परीक्षा झाली. कॅमेऱ्याचे काम पाहणारे अतिथी लिनक्स हल्लेखोरांच्या स्वाधीन केले गेले. तेथून बाहेर पडून इतर भागांना हात लावणे त्यांना साधले नाही. त्या लिनक्सच्या आत मात्र जे काही होते ते सारे त्यांच्या ताब्यात होते.