आळवीचा शेतकरी आणि कोसलचा राजा

धम्मपदाच्या सुखवग्गात २०३ व २०४ या गाथा लागोपाठ येतात. पहिलीत भूक हा परमरोग ठरतो, दुसरीत संतोष हे परमधन. वर्षावासातील प्रवचनांत दुसरी गाथा वारंवार कानी पडते आणि तिच्या आधारे आंतरिक समृद्धीचा उपदेश केला जातो. ती कोणाला उद्देशून आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

अट्ठकथेनुसार ती कोसलनरेश प्रसेनजिताला सांगितली. तो द्रोणभर भात खाई आणि भगवंतांसमोर आला की जडपणामुळे त्याला धड बसवत नसे. उपदेशानंतर त्याने आहार हळूहळू घटवला आणि त्याचे शरीर हलके झाले. संतोषाचे हे वचन अतिभोजन करणाऱ्या राजासाठी आहे.

आळवीची कथा वेगळी आहे. तेथील एका दरिद्री शेतकऱ्याची धम्म जाणण्याची पात्रता ओळखून भगवान श्रावस्तीहून तीस योजने चालत गेले. (योजनांचा हिशेब कोणी काटेकोरपणे मांडू नये, अंतराच्या बाबतीत अट्ठकथाकार नेहमीच उदार असतात.) नेमका त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. तो रानात शोध घेत असता भगवान भोजनानंतरही मौन धरून थांबले. तो दमून भागून आला, तेव्हा उरलेले अन्न त्याला वाढावयास सांगितले आणि मगच देशना केली. भिक्षू कुजबुजले. भुकेने पीडलेल्यास धम्म उमगत नाही, हे त्यांना मिळालेले उत्तर होते.

जव्हार तालुक्यात, जामसरच्या परिसरात, केवळ दुसऱ्या गाथेचे प्रवचन झाले तर? भात, नागली, वरईचा हंगाम सरला की या भागातील कितीतरी आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. याच तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ साली कुपोषणाने बालके दगावली. २०१४ साली पालघर जिल्हा स्वतंत्र झाला. त्यानंतरही कुपोषणाच्या वार्ता येत राहिल्या. तेथील मातेला राजाचे पथ्य सांगणे हा धम्माचा विपर्यास होय. संतोष म्हणजे परिस्थितीपुढे शरणागती नव्हे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात निःसंदिग्धपणे मांडले आहे.

तथापि, आळवीची कथा अन्नदानापाशी थांबवणे हेही अपुरे वाचन आहे. भगवान तीस योजने गेले ते त्या माणसाची बुद्धी ओळखून, त्याचे पोट पाहून नव्हे. जेवण झाले, देशना झाली आणि तो शेतकरी सोतापन्न झाला. प्रसेनजिताच्या कथेत राजाला अशी फलप्राप्ती झाल्याचा उल्लेख नाही.