मोकळ्या रानाला अनुदान कशाचं?

मंडळी, विषय रुक्ष आहे, हे आधीच कबूल करतो. जमीन राखण्यासाठी आणि लोकांना उघड्यावर फिरता-खेळता यावं यासाठी सरकार जे अनुदान देतं, त्याबद्दल मला बोलायचं आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यानं यात कशाला पडावं, असं कुणी विचारेल. पण माझ्या मते अंदाजपत्रक हाही एक ग्रंथच असतो. जगात काय आहे, काय नाही आणि कशाची नोंद घ्यायची, याचा एक सिद्धांत त्यात दडलेला असतो. टीका करायची आहे ती त्या सिद्धांतावर. कुठल्या साहेबावर किंवा सरपंचावर नाही.

आपण ईटमध्ये बसलो आहोत, म्हणून इथूनच सुरुवात करू. भूम तालुका म्हणजे बालाघाटाचा माळ. मुरमाड जमीन, दोन-तीन महिने हिरवी आणि उरलेलं वर्ष पिवळी. पवना, मारवेल, कुसळी ही इथली गवतं. गवतावर गुरं, गुरांवर दूध आणि दुधावर खव्याच्या भट्ट्या. या भागाचा खवा कुठपर्यंत जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण कागदावर या माळाला नाव काय? पडीक. केंद्र सरकार देशातल्या पडीक जमिनींचे नकाशे छापतं, त्यात खुरटलेली चराऊ कुरणं याच सदरात बसतात. एकदा ‘पडीक’ म्हटलं की तिथे काहीतरी ‘केलं’ पाहिजे, असं आपोआप ठरतं.

आणि करायला योजना भरपूर आहेत. क्रीडा खात्याचं क्रीडांगण विकास अनुदान आहे, व्यायामशाळेचं वेगळं. पर्यटन खात्याची प्रादेशिक पर्यटन विकास योजना आहे. जिल्हा नियोजन समितीचा निधी आहे. भरपाई वनीकरणाचा निधी आहे, त्याचा केंद्रीय कायदा 2016 चा. या सगळ्यांतून गावात प्रत्यक्ष काय येतं, ते डोळ्यांसमोर आणा. कमान. पेव्हर ब्लॉक. तारेचं कुंपण. हायमास्ट दिवा. ओपन जिमची पिवळी-निळी यंत्रं, ज्यांचे बेअरिंग वर्षभरात जातात. अलीकडे ‘आय लव्ह’ आणि पुढे गावाचं नाव, असा सेल्फी पॉइंट. माळावर वनीकरण असेल तर खड्डे आणि गिरिपुष्पाची रोपं.

यातली प्रत्येक वस्तू वाईट आहे असं नाही. पण या यादीत एक साम्य आहे. प्रत्येक वस्तू मोजमाप पुस्तिकेत चढवता येते. ब्लॉक चौरस मीटरमध्ये, कुंपण रनिंग मीटरमध्ये, रोपं नगावर.

आता आपल्या वैशेषिकांकडे या. त्यांनी जगातल्या पदार्थांची यादी केली: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. पुढच्यांनी तीत सातवा पदार्थ घातला, अभाव. त्याचं वर्गात दिलं जाणारं उदाहरण असं, की जमिनीवर घडा नाही. नैयायिक म्हणतो, हा घड्याचा अभाव ही माझ्या मनाची कल्पना नव्हे. जमीन दिसते तसा मला तोही खरोखर कळतो. मीमांसकांशी यावर शतकानुशतकं वाद झाले. विद्यार्थी कंटाळून विचारायचे, सर, हे आज कशाला? तर यासाठी. गायरानावर टॉवर नाही, प्लॉटिंग नाही, मुरमाची खाण नाही, हा त्या जमिनीचा सर्वांत मौल्यवान गुण आहे आणि तो अभावरूप आहे. आमच्या बांधकाम खात्याच्या दरसूचीत सहाच पदार्थ आहेत, सातवा नाही! न करण्याचं बिल निघत नाही. म्हणून जो पैसा राखण्याच्या नावानं येतो, तो बांधण्यावर संपतो. जुन्या मराठीत ‘रान राखणं’ हे काम होतं, त्याला राखणदार असायचा. अनुदानात कमान बसते, राखणदाराची मजुरी बसत नाही.

राखण्यावर पैसा खर्चलाच गेला नाही, असंही नाही. इथून फार दूर नाही, सोलापूरजवळ नान्नज. सोलापूरचे निसर्गअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या माळढोकाकडे लक्ष वेधलं. त्याच दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाच्या पैशातून वनखात्यानं तिथे माळाचे तुकडे राखले. झाडंही लावली, पण पक्ष्याला उपयोग झाला तो राखलेल्या गवताचा. इथवर ठीक. पुढे 1979 मध्ये अभयारण्य झालं, तेही 8,496 चौरस किलोमीटरचं. त्यात लोकांची शेतं आली, गावं आली. ज्यांनी वचन दिलंच नव्हतं, त्यांच्या जमिनीवर सरकारनं वचन लिहून टाकलं. जमिनीचे व्यवहार अडले, लोक चिडले, आणि पक्ष्याचं नाव शिवीसारखं घेतलं जाऊ लागलं. पुढे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. आज तिथे माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

म्हणजे एकीकडे वचनाशिवाय वस्तू, दुसरीकडे संमतीशिवाय वचन. तिसरा प्रकार बाहेरचा आहे. अमेरिकेत 1964 साली एक कायदा झाला, जमीन आणि जल संवर्धन निधीचा. 1965 पासून तो लागू आहे. समुद्रातल्या तेल आणि वायूच्या उत्पन्नातून त्यात पैसा येतो, आणि 2020 च्या कायद्यानं वर्षाला 90 कोटी डॉलर त्यासाठी कायमचे बांधून दिले. त्यातून राज्यांना आणि गावांना मैदानं-उद्यानांसाठी निम्म्यापर्यंत खर्च मिळतो. मला रस आहे तो त्यातल्या एका कलमात. ज्या जागेला हे अनुदान लागलं, ती जागा कायम लोकांच्या उघड्यावरच्या विरंगुळ्यासाठीच राहिली पाहिजे. वापर बदलायचाच असेल तर केंद्राची मंजुरी घ्या आणि तेवढ्याच किमतीची, तशाच उपयोगाची दुसरी जागा द्या. एक घसरगुंडी बसवायला पैसे घेतले तरी ही अट मैदानाला लागू शकते. घसरगुंडी गंजून जाते, अट राहते. सातव्या पदार्थाची नोंद त्यांनी केली आहे, वैशेषिक न वाचता.

पण हेही जसंच्या तसं उचलू नका. त्या कायद्यातला माणूस ‘विरंगुळ्यासाठी’ रानात जातो. आपल्याकडे रानात जाणारा बहुधा कामाला जातो. मेंढरं घेऊन जाणारा धनगर विरंगुळा करत नाही, सरपणाला जाणारी बाईही नाही. उद्यान म्हणून कुंपण घातलं की सगळ्यांत आधी हेच बाहेर पडतात. आणि गायरान रिकामं आहे, असं प्रस्तावात लिहिणं तर फारच सोपं. मराठवाड्यात गायरान कसणारे बहुतेक दलित भूमिहीन आहेत. 1953 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली इथे त्यासाठी सत्याग्रह झाला, लोक तुरुंगात गेले. सर्वोच्च न्यायालयानं 2011 च्या जगपाल सिंग निकालात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, पण भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांसारखे अपवादही ठेवले. नोटिसा निघतात तेव्हा तो अपवाद शेवटच्या पानावर असतो. पवनचक्कीवाल्याच्या रस्त्याला गायरान मोकळं सापडतं आणि दोन एकर ज्वारीवाल्याला ते सापडत नाही, या हिशेबावर कमान चढवू नये.

‘मग गावात काहीच करायचं नाही का सर?’ असं मला विचारलं जातं. करायचं. पहाटे साडेपाचला कुठल्याही मोठ्या रस्त्यावर जा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं डांबरावर धावताना दिसतील, अंधारात, मागून ट्रक येत असताना. भरतीत मुलांना 1,600 मीटर असतात आणि मुलींना 800. यासाठी पेव्हर ब्लॉक लागत नाहीत, उलट तेच पायाला बाधतात. सपाट केलेली, दगड वेचलेली माती लागते. चारशे मीटरच्या पूर्ण धावपट्टीला साधारण चार एकर. एवढी सामाईक जागा गावात निघत असेल, तर कोण कसतं, कुणाची गुरं चरतात, हे आधी ग्रामसभेत त्यांच्या तोंडून ऐका. मग क्रीडांगणाचं अनुदान मागा. अर्जातच लिहा, की ही जागा दुसऱ्या वापराला जाणार नाही आणि गेलीच तर गावातच तेवढी दुसरी द्यावी लागेल. नुसता ठराव पुढची ग्रामसभा फिरवू शकते, म्हणून ही अट मंजुरीच्या आदेशात आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढवून घ्या. महसूल संहितेच्या कलम 22 अ मध्ये गायरान दुसरीकडे वळवायला मनाई आहेच, पण सार्वजनिक प्रकल्पाच्या नावाखाली तिला वाट आहे. ती वाट निदान या चार एकरांपुरती बंद करता येते का, हे तहसीलदारांना लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच मागा. आणि मैदानाची वेळ ठरवताना मुलींना विचारा. रस्त्यावरच्या त्या पहाटेच्या घोळक्यात मला मुली क्वचितच दिसतात. भरतीत मात्र त्यांनाही तेवढंच जोरात धावावं लागतं.