प्लायवूडचा कातीव वाडगा : थर, आकार आणि रंग यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना

लाकडी कातकामाची समीक्षा बहुधा लाकडाच्या जातीपासून सुरू होते. अक्रोड, शिसवी किंवा सागवान यांच्या नैसर्गिक रेषांना जे मूल्य दिले जाते, ते प्लायवूडला दिले जात नाही. प्लायवूड हे कारखान्यात तयार झालेले, फर्निचरमध्ये सनमायकाखाली झाकले जाणारे माध्यम. त्यापासून लेथवर कातलेल्या आणि रंगविलेल्या वाडग्याकडे म्हणूनच 'जोडकाम' या दृष्टीने पाहिले जाते. हा दृष्टिकोन कितपत न्याय्य आहे आणि अशा वाडग्याचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

थर आणि आकार

या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत अमेरिकेतील केंटकी राज्यातील बेरिया महाविद्यालयात अध्यापन केलेले रूड ओसोल्निक (1915–2001) यांचे नाव महत्त्वाचे आहे. टाकाऊ मानल्या गेलेल्या लाकडाचा उपयोग हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य होते. बर्च प्लायवूडचे थर एकमेकांवर चिकटवून त्यांनी कातलेले वाडगे ओळखले जातात ते त्यांवरील रेषांमुळे.

या रेषा तयार मिळत नाहीत, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. 18 मि.मी. जाडीच्या बर्च प्लायवूडमध्ये साधारणपणे 13 थर असतात. अशा चार फळ्या चिकटवल्या की 72 मि.मी. उंचीचा, 52 थरांचा ठोकळा तयार होतो. ठोकळ्याच्या बाजूवर सर्व पट्टे सारखेच दिसतात. लेथवर त्याला वक्राकार मिळू लागला की पट्ट्यांची रुंदी बदलते. उभ्या चढाच्या भागात ते अरुंद राहतात, तर बुडाकडे चढ मंदावताच रुंद होत जातात. भूगोलाच्या नकाशातील समोच्च रेषा ज्या नियमाने जवळ येतात व दूर जातात, तोच नियम येथे लागू होतो. म्हणजेच वाडग्यावरील नक्षी हा त्याच्या आकाराचा आलेख असतो. वक्र जेथे अडखळतो, तेथे पट्ट्यांच्या रुंदीतील क्रम मोडतो. अखंड लाकडाच्या आकर्षक रेषा आकारातील उणीव कधीकधी झाकून घेतात. प्लायवूड मात्र ती उघडी पाडते. या अर्थाने हे माध्यम स्वस्त असले तरी सोपे नाही.

कारागिराचा निर्णय चिकटवण्याच्या टप्प्यावरच सुरू होतो. प्लायवूडमधील लगतच्या थरांचे तंतू एकमेकांशी काटकोन करतात. मात्र 13 थरांच्या फळीत वरच्या व खालच्या थरांची दिशा एकच असते. त्यामुळे दोन फळ्या एकाच दिशेने जोडल्यास सांध्यावर जवळजवळ दुप्पट जाडीचा पट्टा उमटतो. एक फळी काटकोनात फिरवून ठेवल्यास क्रम अखंड राहतो. पूर्ण झालेल्या वाडग्यावर हा विचार किंवा त्याचा अभाव स्पष्ट वाचता येतो.

रंगाचा प्रश्न

खरा वाद रंगाचा आहे. रंग दोन प्रकारे दिला जातो. तंतूंत मुरणारा रंग लाकडाचे स्वरूप टिकवतो, तर वर बसणारा अपारदर्शक रंग ते झाकतो. मुरणारा रंग प्लायवूडवर वेगळाच परिणाम साधतो. तंतूंची टोके जेथे उघडी पडतात तेथे रंग अधिक शोषला जाऊन गडद दिसतो, तंतू आडवे असतात तेथे तो फिका राहतो आणि गोंदाची रेषा जवळजवळ कोरीच राहते. लगतचे थर काटकोनात असल्याने वाडगा चतुर्थांश फिरवला की गडद पट्टा फिका व फिका पट्टा गडद होतो. डोळ्यांना दिसणारी ही अदलाबदल कारागिराने रंगवलेली नसते. ती प्लायवूडच्या रचनेतच असते आणि रंगामुळे प्रकट होते.

याउलट अपारदर्शक रंग दिल्यास 52 थरांचा सारा खटाटोप व्यर्थ ठरतो. तथापि यावरून अपारदर्शक रंग हा मुळातच दोष आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. सावंतवाडीच्या लाकडी फळांमध्ये रंग लाकडाला पूर्णपणे झाकतो, कारण तेथे हुबेहूबपणा हे उद्दिष्ट असते. कर्नाटकातील चन्नपट्टणच्या खेळण्यांमध्ये काळ्या कुड्याच्या फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली जाते आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळलेली लाख लाकडावर पसरते. नंतर केवड्याच्या पातीने तिला चकाकी आणतात. तेथे रंग आणि कातकाम या एकाच क्रियेच्या दोन बाजू ठरतात. म्हणून रंग माध्यम झाकतो की दाखवतो, यापेक्षा तो कृतीच्या हेतूशी सुसंगत आहे काय, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. प्लायवूडच्या वाडग्याचा हेतू थरांचे दर्शन हाच असेल, तर त्यावरील अपारदर्शक रंग विसंगत ठरतो.

मर्यादा

या प्रकाराच्या मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. पट्ट्यांची नियमितता लवकर ओळखीची होते आणि दहावा वाडगा पहिल्यासारखाच भासू लागतो. गोंदामुळे पटाशीची धार लवकर जाते. स्वस्त प्लायवूडमधील पोकळ्या पृष्ठभागावर उघड्या पडतात. फॉर्मल्डिहाइडयुक्त गोंदाची धूळ आरोग्यास घातक असल्याने मुखपट्टी व धूळ शोषणाची व्यवस्था अपरिहार्य ठरते. रंगवलेला असा वाडगा अन्नासाठी क्वचितच वापरला जातो, त्यामुळे तो वाडगा असूनही प्रामुख्याने पाहण्याची वस्तू बनतो. उपयोगाचा आधार सुटल्यावर केवळ रूपाच्या बळावर उभे राहण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. ती अनेक वाडग्यांना पेलत नाही.

समारोप

प्लायवूडच्या वाडग्याला केवळ माध्यमाच्या दर्जावरून गौण ठरवणे समीक्षेच्या दृष्टीने अपुरे आहे. थरांची मांडणी, वक्राची शुद्धता आणि रंगाची सुसंगती हे तीन निकष लावले तर चांगला व सामान्य वाडगा यांतील भेद सप्रमाण दाखवता येतो. फर्निचरच्या कारखान्यांत भंगारात जाणारे प्लायवूडचे तुकडे शिकाऊ कारागिराला परवडतात, महागडे लाकूड परवडत नाही. समीक्षेने लाकडाची किंमत हाच कलामूल्याचा पाया मानला, तर अशा कारागिराचे कौशल्य तपासले जाण्यापूर्वीच नाकारले जाईल.