‘स्थपती’ हा शब्द आणि स्त्री

वास्तुविशारद स्त्रियांविषयी अलीकडे मराठीत जे लेखन होते, त्याचा एक ठराविक साचा आम्हांस आढळतो. बाईंचे नाव, माहेर-सासरची हकीकत, संसार सांभाळून केलेले काम, आणि शेवटी ‘संवेदनशील’, ‘निसर्गाशी नाते सांगणारी’ अशी चार विशेषणे. इमारत उभी कशी राहिली, तिचा भार कोणत्या वाटेने भुईवर उतरला, याविषयी चकार शब्द नाही. पुरुषाच्या इमारतीचे परीक्षण होते, स्त्रीचे कौतुक होते. आमचा आक्षेप या कौतुकावर आहे.

दोष शब्दापासूनच सुरू होतो. २००७ साली खानदेशच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदी निवडून आल्या, तेव्हा त्या पदनामातील ‘पती’वर केवढा काथ्याकूट झाला हे वाचकांस स्मरत असेल. ‘स्थपती’ या शब्दापाशी मात्र तसे कोणी अडखळल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्या आसनावर स्त्री बसेल ही कल्पनाच जेथे नाही, तेथे अडखळावयाचे कोणी? ‘मयमत’ हा शिल्पग्रंथ स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी व तक्षक असे चार कारागीर सांगतो आणि सूत्रग्राही हा स्थपतीचा पुत्र अथवा शिष्य असावा असे म्हणतो. कन्येचे नाव नाही. पुढे १९३६ साली मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून वास्तुकलेची पदविका घेऊन पेरीन मिस्त्री वडिलांच्या पेढीत दाखल झाल्या, तेव्हा सूत्र हाती घेणारी कन्याच निघाली. आणि आडनावही, पाहा, मिस्त्री! परंतु त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांची लेखणी ‘पहिल्या’ या शब्दापुढे सहसा सरकत नाही. कंबाला हिलवरील सेंट स्टीफन्स चर्च त्यांच्या नावावर आहे. ते वास्तू म्हणून कसे उतरले आहे, हे कोण सांगतो? पहिलेपणा हा क्रम आहे, गुण नव्हे. परदेशी स्थिती फार निराळी आहे असेही नाही. १९९१ चे प्रिट्झ्कर पारितोषिक रॉबर्ट व्हेंचुरी या एकट्यास मिळाले. त्यांच्या कामात बरोबरीची भागीदार असलेली पत्नी डेनिस स्कॉट ब्राऊन हिचे नाव जोडावे ही विनंती २०१३ साली नाकारण्यात आली.

वर उल्लेखिलेला तक्षक म्हणजे सुतार. आपले ‘तासणे’ त्याच कुळातले, आणि ग्रीकांचा ‘टेक्टोन’ही त्याच धातूचा भाऊबंद. तेव्हा ‘आर्किटेक्ट’ म्हणजे मुळात थोरला सुतारच. या लाकडास आज पुन्हा मान मिळू लागला आहे. फळ्यांचे थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवून जाड पाट बनविण्याची रीत १९९० नंतर ऑस्ट्रिया-जर्मनीत वाढली. नॉर्वेतील म्योस्टोर्ने ही २०१९ साली पुरी झालेली १८ मजली लाकडी इमारत ८५ मीटरांहून उंच आहे. आपल्याकडेही केंद्रीय बांधकाम खात्याने १९९३ पासून घातलेली लाकडावरील बंदी २०२० साली उठली. आम्हांस धास्ती वाटते ती निराळीच. लाकूड ‘उबदार’, स्त्रीही ‘उबदार’, सबब लाकडी घर हे स्त्रीच्या स्वभावास साजेसे काम, असे लेख आता येऊ लागतील. जणू तुळईचा बाक मोजावयास हिशेब लागत नाही, माया पुरते!

या मायेच्या भाषेने काय झाकले जाते ते पाहावयाचे तर नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी-अक्कलकुव्याच्या सातपुड्यात जावे. तेथील भिल्ल-पावऱ्यांचे जुने घर म्हणजे सागाचे खांब, त्यांवर तुळया व वासे, वर कौले, आणि भोवती बांबूच्या कुडाच्या भिंती. सांगाडा पुरुष उभारतात. कुडाला माती-शेणाचे लिंपण स्त्रिया करतात. पाहणारे लोक खांबांची उंची मोजतात, सागाची वाखाणणी करतात. लिंपणाची गणना मात्र घरकामात. वास्तविक कोणती माती किती मळावी, शेण किती मिसळावे, सुकताना तडे कसे टाळावे, पावसाने धुतलेला भाग कसा भरून काढावा, हे सारे बांधकामाचेच ज्ञान. त्याची परीक्षा दरवर्षी पावसाळा घेतो, आणि तीत नापास होणारास सवलत नाही. सरकारी जनगणनेत तर असल्या भिंतीचे घर पक्के गणलेच जात नाही.

सरदार सरोवराचे पाणी चढू लागले तेव्हा नर्मदाकाठच्या कित्येक कुटुंबांना घरे उतरवावी लागली. खांब, तुळया, वासे सुटे करून नव्या वसाहतींत नेता आले. सागाचा तो गुण आहे. लिंपलेली भिंत तशी नेता येत नाही. तापीखोऱ्यातील सपाटीची काळी माती सुकताना भेगाळते. डोंगरातील मातीसाठी बसविलेले प्रमाण तेथे चालत नाही. ते पुन्हा शोधावे लागते, आणि ते शोधणारे हात स्त्रियांचेच. आम्ही सुशिक्षित मंडळी त्याला अजून सारवणच म्हणतो.