मुंबईतील दोन बास्केटबॉल सामन्यांची आकडेवारी : एक चिकित्सक वाचन

४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज या संघांत दोन सामने झाले. एनबीए या अमेरिकी व्यावसायिक संघटनेचे भारतात खेळले गेलेले हे पहिलेच सामने होत. पहिला सामना पेसर्सने अतिरिक्त वेळेत १३२-१३१ असा, तर दुसरा १३०-१०६ असा जिंकला. पहिल्या सामन्यातील टी. जे. वॉरेनचे ३० आणि बडी हील्डचे २८ गुण हे आकडे त्या दिवसाची खूण म्हणून मागे राहिले.

अशा आकडेवारीचा तक्ता 'बॉक्स स्कोअर' या नावाने ओळखला जातो. तो सामन्याची निःपक्षपाती नोंद मानला जातो. प्रस्तुत लेखात त्याकडे एक संहिता म्हणून पाहिले आहे. संहितेला निवेदक असतो, आणि निवेदकाला सर्वच दिसते असे नाही.

प्रथम संघांचे आकडे पाहू. पेसर्सचे १३२ आणि १३० हे दोन गुणांक वरवर सारखेच दिसतात. परंतु एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो आणि अतिरिक्त वेळ ५ मिनिटांचा. म्हणजे पहिले १३२ गुण ५३ मिनिटांत झाले. ४८ मिनिटांच्या हिशेबाने ते साडेएकोणीस वर शंभर, म्हणजे सुमारे ११९.५ भरतात. किंग्जचे १३१ गुण त्याच हिशेबाने सुमारे ११८.६ होतात. पहिल्या दिवशी दोन्ही संघ तुल्यबळ होते; दुसऱ्या दिवशी पेसर्सचा वेग वाढला आणि किंग्जचा घटला. केवळ बेरजा वाचणाऱ्यास यातील पहिला बदल दिसतच नाही. डीन ऑलिव्हर यांनी २००४ च्या आपल्या ग्रंथात मिनिटांऐवजी 'पझेशन', म्हणजे चेंडू एका संघाच्या ताब्यात असण्याचा एक डाव, हे एकक धरले ते याच अडचणीपोटी.

खेळाडूंच्या रकान्यांत दोष अधिक खोलवर आहे. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक या साऱ्या नोंदी चेंडूला ज्याचा हात लागला त्याच्या नावे होतात. चेंडूविना केलेले काम, म्हणजे वाट अडविणे, प्रतिस्पर्ध्याला त्याच्या आवडत्या जागेवरून हुसकणे, सहकाऱ्याच्या चुकीची भरपाई करण्यास धावणे, यासाठी तक्त्यात रकाना नाही. बिल रसेल १३ हंगामांत ११ अजिंक्यपदे मिळवून १९६९ साली निवृत्त झाला; एनबीएने ब्लॉकची अधिकृत मोजणी सुरू केली ती १९७३-७४ च्या हंगामापासून. ब्लॉकसाठीच सर्वाधिक ख्याती पावलेल्या खेळाडूच्या नावावर अधिकृत ब्लॉक एकही नाही.

याबाबत किंग्ज संघाचेच उदाहरण बोलके आहे. हा संघ २०१३ साली विकत घेणाऱ्या गटाचे प्रमुख विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. बाजारातील माहिती तत्क्षणी पोहोचविणाऱ्या संगणकप्रणालींवर त्यांचा व्यवसाय उभा राहिला. त्यांनी आपल्या मुलीच्या संघाला दिलेल्या प्रशिक्षणाची हकीकत माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ साली 'न्यू यॉर्कर'मध्ये लिहिली आहे. फारसे कौशल्य नसलेल्या त्या मुली संपूर्ण मैदानभर दबाव टाकून खेळत. सीमारेषेबाहेरून चेंडू ५ सेकंदांत आत टाकावा लागतो. त्यांच्या अडवणुकीमुळे प्रतिपक्षाला तेही जमत नसे. आता हा प्रसंग बॉक्स स्कोअरच्या भाषेत कसा उतरेल? प्रतिपक्षाच्या खात्यावर एक टर्नओव्हर मांडला जाईल. अडविणाऱ्या मुलींपैकी एकीचेही नाव कोठे येणार नाही. बचावाचे श्रेय तक्ता देतो ते समोरच्याचा दोष म्हणून. माहितीच्या व्यापारात हयात घालविलेल्या गृहस्थाची ही युक्ती नेमकी माहितीच्या तक्त्यातून निसटावी, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

यावर उपाय म्हणून 'प्लस-मायनस' हा रकाना आला. खेळाडू मैदानावर असताना संघाने मिळविलेल्या गुणांतून गमावलेले गुण वजा करावयाचे, एवढीच त्याची रीत. मायकेल लुईस यांनी २००९ साली शेन बॅटिए या खेळाडूवर लिहिलेला लेख याच विचारावर उभा आहे : बॅटिएचे स्वतःचे आकडे सामान्य, पण तो मैदानात असताना संघ सरस. तथापि येथेही सावधगिरी हवी. प्रत्येक गुण पाचही खेळाडूंच्या खात्यावर जमा होत असल्याने संघाच्या प्लस-मायनसची बेरीज गुणफरकाच्या पाचपट असते. वरळीच्या पहिल्या सामन्यात पेसर्ससाठी ती अवघी ५, तर दुसऱ्यात १२०. हे १२० कोणाच्या कर्तृत्वाचे आणि कोणाच्या निव्वळ सहवासाचे, हे एका सामन्यावरून ठरविता येत नाही. शिवाय हे सामने हंगामपूर्व सरावाचे होते. अशा सामन्यांत प्रशिक्षक नवनव्या जोड्या अजमावीत असतात, आणि त्यांतील गुण कारकिर्दीच्या बेरजेत धरले जात नाहीत. हजारो शाळकरी मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले वॉरेनचे ३० गुण त्याच्या एकूण गुणसंख्येत नाहीत.

जे मोजले जाते तेच केले जाऊ लागते, ही गोष्ट २०१० नंतर एपीआय गुणांचे तक्ते भरलेल्या प्राध्यापकवर्गाला निराळी सांगावयास नको.

वरळीहून आंबिवलीकडे वळल्यास प्रश्न उलट होतो. तेथे आकडे फार होते, येथे अगदीच थोडे आहेत. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत वापरल्या जाणाऱ्या अधिकृत गुणपत्रिकेत गुण, फाउल आणि टाइमआउट यांचीच नोंद होते. रिबाउंड नाही, असिस्ट नाही, हुकलेला फेकही नाही. दहा फेकांत आठ बास्केट करणारा आणि पंचवीस फेकांत आठ करणारा खेळाडू या कागदावर समान ठरतात. उत्तम बचाव करणारी, पण गुण न मिळविणारी मुलगी तर केवळ तिच्या फाउलांपुरती शिल्लक राहते. विद्यापीठ संघाची निवड होताना तिच्या बाजूने बोलणारा कागदच नसतो. कसारा मार्गावरील एखाद्या महाविद्यालयाने संख्याशास्त्राचे दोन विद्यार्थी दुसरी वही घेऊन मैदानालगत बसविले, आणि त्या वहीत हुकलेले फेक, रिबाउंड व बचावामुळे प्रतिपक्षाकडून झालेले नियमभंग बचाव करणाऱ्या खेळाडूच्या नावानिशी मांडले, तर त्यासाठी एका पेन्सिलीहून अधिक खर्च येणार नाही. त्या वहीचे रकाने आखताना मात्र शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांनी शेजारी बसावयास हवे.