गिफ्ट कार्डची कंपनी आणि आपला भाबडा गुणाकार

"कंपनी खासगी आहे ना? मग विकलेली कार्डं गुणिले सरासरी किंमत, झाला महसूल!" असे अंदाज तुम्हीही वाचले असतील. मला ते पटत नाहीत. यातली चूक पाच-दहा टक्क्यांची नसते, कित्येक पटींची असते.

समजा, आमच्या श्रीरामपूरच्या मेन रोडवर तुम्ही हजाराचं गिफ्ट कार्ड देऊन साडी घेतली. पैसे जातात दुकानदाराला. कार्डवाल्या कंपनीला उरतं सेवाशुल्क. तीन टक्के धरलं, तर तीस रुपये. हा फरक आपल्याकडे कोर्टातही गाजलाय. सोडेक्सोच्या जेवणाच्या कूपनांवर जकात किंवा एलबीटी लागतो का, असा तो वाद. मुंबई उच्च न्यायालय 'लागतो' म्हणालं. सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०१५ ला ते फिरवलं. कूपन म्हणजे माल नव्हे, कंपनी सेवा देते.

विभागणीत तर आणखी गंमत. धरा, १०० रुपयांपैकी ८० ची कार्डं कंपन्यांनी कर्मचाऱ्यांसाठी घेतली, शुल्क २ टक्के. २० ची किरकोळ, शुल्क ५ टक्के. उत्पन्न १.६० आणि १ रुपया. म्हणजे ८०:२० नाही, साधारण ६२:३८! (माझा पहिला पाय-चार्टही ८०:२० वालाच होता. गाईडनी नुसतं विचारलं, "टक्के कशाचे?")

आणि खासगी म्हणजे गुप्त नव्हे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीलाही दरवर्षी आर्थिक पत्रकं कंपनी निबंधकाकडे भरावी लागतात. एमसीएच्या पोर्टलवर शुल्क भरून ती बघता येतात. त्यातल्या महसुलाच्या टिपा आधी वाचा, कारण कंपनी कार्डं स्वतः विकत घेऊन पुढे विकत असेल तर हिशेबच बदलतो. मग उरलेल्या विभागणीचा अंदाज करा, कमाल-किमान मर्यादा लिहून.